नर्सिंग, फिजिओथेरपी झालंय आणि आता एम.एस.डब्ल्यू. करायचंय? आधी हे वाचा

निकाल लागले की फोन सुरू होतात. "ताई, नर्सिंग झालंय, पण मला पेशंटच्या घरच्यांशी बोलायचं काम जास्त आवडतं. पब्लिक हेल्थ करू की एम.एस.डब्ल्यू.?" कधी फिजिओथेरपीवाले असतात, कधी नुसती बी.एस्सी. झालेले. आरोग्य आणि समाजकार्य असे दोन्ही विषय शिकवणारी एकच पदवी सगळे शोधत असतात. आपल्याकडे या दोन गोष्टी बहुधा एका पदवीत मिळत नाहीत, एकीवर दुसरी चढवावी लागते. आणि त्यांचा सांधा जुळतो तो वर्गात नाही, हॉस्पिटलच्या वॉर्डात. मी नर्सिंगनंतर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) केलं, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते त्या वाटेवरून आलेलं आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

१. आधी नोकरी बघा, मग कोर्स

उलटं वाटेल, पण कोर्सची माहितीपत्रकं गोळा करण्याआधी चार-पाच नोकरीच्या जाहिराती काढून वाचा. पात्रतेच्या रकान्यात काय लिहिलंय ते वहीत उतरवा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' हे पद असतं. तिथे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. एम.पी.एच. म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदवी उत्तम आहे, पण ती साथरोग, आकडेवारी, कार्यक्रमांचं नियोजन यांची. ती घेतलीत म्हणून या खुर्चीत बसता येत नाही. हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे तर तिसरंच गाव. या तीन पदव्यांची गल्लत करणारे दरवर्षी भेटतात, आणि कळतं तेव्हा दोन वर्षं गेलेली असतात.

दोन्हीकडचं शिक्षण खरोखर कामी येतं अशा जागाही आहेत. अवयव प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांत ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरची पात्रता दिली आहे: कुठल्याही मान्य वैद्यकशाखेचा पदवीधर, किंवा नर्स, किंवा कुठलीही पदवी आणि शक्यतो समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांतली पदव्युत्तर पदवी. नर्स असून एम.एस.डब्ल्यू. झालेल्या माणसाला तिथे दोन दारं उघडी. मेंदू मृत झालेल्या तरुणाच्या वडिलांशी बोलताना व्हेंटिलेटरवर छातीचं वर-खाली होणं काय असतं हे समजावता आलं पाहिजे, आणि त्यांच्या शेजारी गप्प बसताही आलं पाहिजे. याखेरीज जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकियाट्रिक सोशल वर्करची जागा असते, एच.आय.व्ही. तपासणी व एआरटी (एच.आय.व्ही.वरील औषधोपचार) केंद्रांवर समुपदेशक असतात, कॅन्सर आणि पॅलिएटिव्ह केअरच्या संस्था असतात, धर्मादाय रुग्णालयं असतात.

एक नवी गोष्ट. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी 2021 साली केंद्राने कायदा केला. त्याच्या परिशिष्टात वर्तनविषयक आरोग्य या गटात मेडिकल, सायकियाट्रिक आणि क्लिनिकल सोशल वर्कर यांची नावं आहेत. म्हणजे फिजिओथेरपिस्ट आणि वैद्यकीय समाजसेवक आता कायद्याने एकाच यादीत आले. नोंदणीचे नियम पुढे कसे येतात यावर लक्ष ठेवा.

२. कुठून जायचं ते ठरवा

पहिली वाट माझी: आरोग्यशास्त्रातली पदवी (नर्सिंग, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, होमिओपॅथी, आयुर्वेद, काहीही) आणि मग दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.एस.डब्ल्यू., त्यात स्पेशलायझेशन 'मेडिकल अँड सायकियाट्रिक'. एम.एस.डब्ल्यू.ला बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळे शाखा आडवी येत नाही.

दुसरी: बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी), मग एम.एस.डब्ल्यू. समाजकार्याचा पाया पक्का होतो. फक्त हॉस्पिटलची भाषा शून्यापासून शिकावी लागते. केस पेपरवरची डॉक्टरांची अक्षरं लागायलाच एक सत्र जातं.

तिसरी वाट सगळ्यांना खुणावते: दोन्ही एकदम. यूजीसीने एप्रिल 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष हजेरीच्या असतील तर वेळा एकमेकींवर यायला नकोत, नाहीतर एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन. ऐकायला छान आहे. पण नर्सिंग किंवा फिजिओ शिकताना क्लिनिकल पोस्टिंग असतं, त्या त्या कौन्सिलचे हजेरीचे नियम असतात, आणि इकडे एम.एस.डब्ल्यू.ला आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत किंवा रुग्णालयात जाऊन प्रत्यक्ष काम. दोन्हीकडे दिवसाउजेडीच उभं राहायचंय. ज्यांची आरोग्याची पदवी झालेली आहे आणि नोकरी चालू आहे त्यांनी इग्नूचं एम.एस.डब्ल्यू. बघावं. ते किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पुरं करता येतं. क्षेत्रकार्य तिथेही सुटत नाही, हे लक्षात ठेवून अर्ज भरा. आणि ज्या पदावर डोळा आहे त्याच्या जाहिरातीत 'पूर्णवेळ' किंवा 'नियमित' असा शब्द आहे का, ते आधी तपासा.

३. महाविद्यालय निवडताना एकच प्रश्न लावून धरा

'तुमच्या मुलांना क्षेत्रकार्याला कुठे पाठवता?' हाच प्रश्न. इमारत, ग्रंथालय, नॅकची श्रेणी हे सगळं नंतर.

टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, 1936 साली मुंबईत सुरू झाली. आपल्या देशातलं समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण तिथून सुरू झालं, आणि 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. टिसची पदवी एम.ए. इन सोशल वर्क या नावाची असते. मुंबईतच निर्मला निकेतन आहे, 1955 पासूनचं. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, 1963 ची. नागपूरला मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय, 1958 चं. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सी.एस.आर.डी. ही समाजकार्याची संस्था आहे. ही काही क्रमवारी नाही. तुमच्या जिल्ह्यातलं लहान महाविद्यालय जर मुलांना जिल्हा रुग्णालयात, मनोरुग्णालयात आणि एखाद्या चांगल्या संस्थेत पाठवत असेल, तर ते मोठ्या नावाच्या पण मुलांना दोन वर्षं ऑफिसात फायली लावायला बसवणाऱ्या ठिकाणापेक्षा बरं.

प्रवेशाआधी एखाद्या गुरुवारी-शुक्रवारी तिकडे चक्कर मारा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. (क्षेत्रकार्याचे वार प्रत्येक ठिकाणी वेगळे, पण मुलं कट्ट्यावर सापडतातच.) त्यांना हे विचारा:

- मेडिकल-सायकियाट्रिक हे स्पेशलायझेशन यंदा खरंच चालू आहे, की फक्त माहितीपत्रकात आहे? मुलं कमी आली की काही ठिकाणी ते गुंडाळतात.
- स्पेशलायझेशन कधी मिळतं आणि कशावर? गुणांवर, आवडीवर, की मुलाखतीवर?
- हॉस्पिटलमध्ये तुमच्यावर देखरेख कोण करतं? तिथला समाजसेवा अधीक्षक, की कुणीच नाही?
- पर्यवेक्षकांबरोबरची वैयक्तिक चर्चा, म्हणजे आय.सी., दर आठवड्याला होते का?

शेवटच्या प्रश्नावर मुलं हसली तर समजून जा.

४. कागदपत्रं

इथेच आरोग्यवाल्यांचा पाय अडकतो, कारण आपली आधीची पदवी बहुधा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि एम.एस.डब्ल्यू. पुणे, मुंबई, नागपूर किंवा दुसऱ्या पारंपरिक विद्यापीठाचं. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट आलं आणि पात्रता अर्जही आला. मायग्रेशनचा अर्ज पदवीचा निकाल लागल्या लागल्या करा. प्रवेश होतो, वर्ग सुरू होतात, आणि मायग्रेशन नाही म्हणून पहिल्या सत्राचा निकाल राखून ठेवतात, असं दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होतं.

फाइलमध्ये ठेवायचं ते असं:

- दहावी, बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र
- इंटर्नशिप पूर्ण केल्याचं पत्र, लागू असेल तर
- कौन्सिलच्या नोंदणीची प्रत (प्रवेशाला लागत नाही, क्षेत्रकार्यात आणि पुढे नोकरीत उपयोगी)
- मायग्रेशन आणि ट्रान्सफर सर्टिफिकेट
- पदवीनंतर खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, जे लागू असेल ते
- आधार जोडलेलं बँक खातं, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी
- एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक)
- फोटो. भरपूर. हॉस्पिटलच्या ओळखपत्रालाही लागतात.

नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांची मुदत संपते. तारीख बघून घ्या आणि जूनमध्ये तहसील कचेरीत रांगा लागायच्या आधीच काढून ठेवा.

५. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत

टिससाठी गेली काही वर्षं सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज लवकर, तुमचं शेवटचं वर्ष चालू असतानाच निघतात, त्यामुळे निकालाची वाट बघत बसलात तर संधी गेली. बाकीची बरीच महाविद्यालयं स्वतःची लेखी परीक्षा, गटचर्चा आणि मुलाखत घेतात. लेखीत चालू घडामोडी, सामाजिक प्रश्न, एखादा निबंध असं असतं. वर्षभर पेपरातलं पान उघडून वाचलं असेल तर निराळी तयारी लागत नाही.

मुलाखतीत 'मला लोकांची सेवा करायची आहे' हे वाक्य समोरच्यांनी सकाळपासून वीसजणांकडून ऐकलेलं असतं. तुम्ही वॉर्डात काम केलंय, त्याचा फायदा घ्या. एक पेशंट, एक अडचण, तुम्ही काय बघितलं आणि काय करता आलं नाही, एवढं सांगा. फक्त पेशंटचं नाव, गाव सांगू नका. ते ऐकतानाही परीक्षक तुम्हाला पारखत असतात.

६. पहिल्या सत्रात नजर बदलते, ती बदलू द्या

ही पायरी मी जरा ऐसपैस सांगते, कारण आरोग्याकडून आलेल्यांना इथेच जड जातं.

नर्सिंगमध्ये आपल्याला सांगायची सवय लागते. गोळी घ्या, मीठ कमी करा, अमुक तारखेला या. समाजकार्यात पहिले काही महिने सांगायचंच नाही, विचारायचं आणि ऐकायचं. एम.एस.डब्ल्यू.ला व्यक्ती सहयोग कार्य, गटकार्य, समुदाय संघटन अशा पद्धती शिकवतात, त्या पुस्तकात वाचून पाठ होतात. हाडात मुरतात त्या अहवाल लिहिताना.

एक नमुना देते. टीबीच्या एका पेशंटने औषधं मध्येच सोडली. आरोग्याकडून आलेली विद्यार्थिनी अहवालात लिहिते: 'रुग्ण निष्काळजी आहे, समज देऊनही सहकार्य करत नाही.' चांगल्या मॅडम या ओळीखाली लाल रेघ मारतात आणि विचारतात, 'हे तुला दिसलं की वाटलं?' मग ती परत जाते, विचारते, आणि लिहिते: 'रुग्ण पहाटे पाचला मजूर अड्ड्यावर जातो. दवाखाना नऊला उघडतो. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून कामाच्या दिवशी घेत नाही. पोषणाचे पैसे खात्यात आलेले नाहीत, खाजगी दुकानातून पावडर आणली होती, ती संपली.' या दुसऱ्या परिच्छेदात कामं दिसतात. गोळ्या एकदम जास्त दिवसांच्या मिळतील का, मळमळीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं, आणि निक्षय पोषण योजनेचे पैसे (2018 पासून महिन्याला 500 रुपये, नोव्हेंबर 2024 पासून 1000) कुठे अडकले ते बघायचं. बहुतेकदा खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा बायकोच्या नावाचं असतं.

तुमचं आरोग्याचं शिक्षण इथे वाया जात नाही. मळमळ कुठल्या औषधाने होते, कावीळ झाली तर कसं ओळखायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे, वर्गातल्या इतरांना नाही. तरी वॉर्डात गेल्यावर सलाइन बंद करू नका, ड्रेसिंगला हात लावू नका, सिस्टरना सल्ले देऊ नका. तुम्ही त्या दिवशी समाजकार्याचे विद्यार्थी म्हणून आलेले असता. आणि ओळख करून घ्यायचीच असेल तर वॉर्डातल्या मामा-मावशींशी आधी करून घ्या. कुठल्या पेशंटला भेटायला कुणी येत नाही, हे डॉक्टरांच्या आधी त्यांना माहीत असतं.

अहवाल त्याच रात्री लिहा. दोन दिवसांनी लिहिलेल्या अहवालात पेशंटचे शब्द जातात आणि आपलेच उरतात. बऱ्याच विद्यापीठांत मराठीतून लिहायला मुभा असते, विचारून घ्या. पेशंट मराठीत बोलला असेल तर त्याचं बोलणं इंग्रजीत कोंबण्यात अर्थ नाही.

ग्रामीण शिबिर, संस्थाभेटी, शेवटी महिनाभराचं ब्लॉक प्लेसमेंट (एकाच संस्थेत सलग काम) हे सगळं असतंच. शिबिराला अंथरूण-पांघरूण आणि टॉर्च न्या. ब्लॉक प्लेसमेंट मात्र विचार करून मागा, पुष्कळांना पहिली नोकरी तिथेच लागते.

७. योजना तोंडपाठ हव्यात

अभ्यासक्रमात यावर एखादा घटक असतो, प्रत्यक्षात रोजची निम्मी कामं हीच.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदललं. कुठल्या रुग्णालयात कुठला उपचार बसतो, योजनेची मदत करणारा आरोग्यमित्र कुठे बसतो, रेशनकार्डावर पेशंटचं नाव नसेल तर काय, हे माहीत हवं. पूर्वमंजुरी आधी, ऑपरेशन नंतर. हा क्रम चुकला की पैसे घरच्यांच्या अंगावर येतात.

दुसरं, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम 41कक आणि 2006 ची उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना यांनुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. पेशंटची कागदपत्रं तपासून तो यात बसतो की नाही हे बघण्याचं काम त्या रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाचं. म्हणजे उद्या त्या टेबलामागे तुम्ही असाल. उत्पन्नाची मर्यादा अधूनमधून बदलते, ताजा शासन निर्णय जवळ ठेवा.

आणि 'दिलासा'. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने कौटुंबिक हिंसेला तोंड देणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेलं केंद्र. जिन्यावरून पडले, असं सांगणाऱ्या बाईला पुढे काय विचारायचं, हे तिथे ओपीडीतल्या सिस्टरांनाही शिकवलं जातं. आरोग्य आणि समाजकार्य एकत्र म्हणजे काय हे बघायचं असेल तर या कामाबद्दल वाचा, जमलं तर क्षेत्रकार्य तिथे मागा.

८. काय लपवायचं, काय लपवता येत नाही

एच.आय.व्ही. कायदा 2017 नुसार कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर पेशंटची संमती असल्याशिवाय त्याची स्थिती कुणालाही सांगता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे. त्यामुळे अहवालात नाव बदला, केस नंबर टाकू नका, वॉर्डात सेल्फी काढू नका, आणि क्षेत्रकार्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आज एक इंटरेस्टिंग केस आली' असं लिहून केस पेपरचा फोटो तर अजिबात टाकू नका. हे होतं, म्हणून सांगते.

उलट बाजू: अठराच्या आतल्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं. 'मॅडम, कुणाला सांगू नका' असं मूल म्हणालं तरी. म्हणून बोलणं सुरू करतानाच 'मी सगळं गुपित ठेवीन' असा शब्द देऊ नका. त्याच दिवशी पर्यवेक्षकांना गाठा, एकटीने निर्णय घेऊ नका.

९. पुढे मानसिक आरोग्यात जायचं असेल तर

इथे फसगत मोठी आहे. मेडिकल-सायकियाट्रिक स्पेशलायझेशन झालं म्हणजे आपण सायकियाट्रिक सोशल वर्कर झालो, असं बऱ्याच जणांना वाटतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ची व्याख्या वेगळी आहे: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. इन सायकियाट्रिक सोशल वर्क. बंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, हे त्याचं सगळ्यात परिचित ठिकाण. मात्र नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं. या एका विषयासाठी आणि क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी यूजीसीने 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली होती. त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या वर्षी संस्थेत कुठला अभ्यासक्रम चालू आहे आणि तो कुणाच्या मान्यतेने, हे संस्थेच्या प्रवेश विभागाकडून लेखी घ्या. फोनवर मिळालेलं 'हो हो, चालतं' कुठल्याच भरतीत दाखवता येत नाही.

१०. पैसे आणि नोकरी सांभाळणं

दोन वर्षं पूर्णवेळ म्हणजे पगार बंद. काही नर्सेस रात्रपाळी करून दिवसा कॉलेज करतात. पहिल्या वर्षी निभतं, दुसऱ्या वर्षी प्रबंध आणि क्षेत्रकार्य एकत्र आलं की तारांबळ होते. त्यापेक्षा शनिवार-रविवारची होम-केअर किंवा क्लिनिकमधली कामं बरी पडतात. महाडीबीटीचा अर्ज प्रवेश झाल्या झाल्या भरा, आणि तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे गेला का ते स्वतः तपासत राहा. क्लार्कच्या खात्यात 'प्रलंबित' म्हणून पडून राहिलेले अर्ज मुदत संपल्यावरच आठवतात. क्षेत्रकार्याला जाण्या-येण्याचा खर्चही हिशोबात धरा, तो कुठल्याच फी-पत्रकात छापलेला नसतो. एस.टी.चा आणि लोकलचा विद्यार्थी पास बोनाफाइड दाखवून पहिल्याच आठवड्यात काढून घ्या.